घडणावळ कुणी मोजायची?

मैत्रिणींनो, चांदीचा भाव वाढला की सराफ्यात एक वेगळीच गर्दी दिसते. घेणाऱ्यांची नव्हे, मोडणाऱ्यांची! २०२५ सालात चांदी किलोला लाखाच्या कितीतरी वर गेली, तेव्हा आमच्या दिग्रस-पुसदकडेही हेच पाहिलं. लुगड्याच्या पदरातून पुरचुंड्या निघत होत्या. वाळे, तोडे, वाक्या, हांसळ्या. आणि तांड्यावरून आलेल्या बायांच्या पिशव्यांतून घुगरी-टोपली.

केसांच्या बटांत गुंफून कानशिलाशी दोन्ही बाजूंनी लोंबणारा हा बंजारा बाईचा डाग. कुणाकडे डोरलं, तशी तांड्यावर ही सवाष्णीची खूण. दुकानात मात्र तो तराजूत पडतो. मळ, लाख, झाळ यांची घट वजा होते आणि उरल्या चांदीचे पैसे हातात येतात. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "अन् याच्या मजुरीचं काई नाई का, दादा?" दुकानदार म्हणाला, "मोडीला मजुरी नसते, बाई."

त्याचं काही चुकलं नाही, बाजाराची रीतच तशी आहे. पण नवा दागिना घेताना आपण घडणावळ मुकाट मोजतो ना? मग मोडताना तीच शून्य कशी होते? माझं म्हणणं एवढंच, की जुना डाग मोडीत घालताना आपण चांदी विकतो आणि कारागिरी फुकट देऊन टाकतो.

ही कारागिरी म्हणजे काय, ते आमच्या गावच्या एका वृद्ध सोनारकाकांनी मला समजावलं होतं. चांदी मुशीत वितळवायची, लगड ओतायची, ऐरणीवर ठोकून पत्रा करायचा. ठोकता ठोकता चांदी कडक होते, म्हणून पुन्हा तापवून नरम करायची. तसंच न थांबता ठोकलं तर पत्र्याला चीर जाते. तार हवी तर जंत्रीच्या मोठ्या भोकातून लहान, मग आणखी लहान भोकातून ओढत न्यायची. एवढ्याशा घुंगरासाठी पत्र्याच्या दोन वाट्या ठशावर उठवायच्या, आत खडा टाकायचा, टाकणखार लावून फुंकणीनं ज्योत वळवायची आणि सांधा झाळायचा. फुंकर जरा जास्त झाली की झाळेबरोबर घुंगरूही वितळलं! हे एका घुंगराचं झालं. टोपलीखाली तर त्यांचा झुबका असतो.

बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारा. फिरत्या बाईचं अंग हीच तिजोरी. गळ्यातली रुपयांची माळ बघा. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात बारातले अकरा भाग चांदी. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली. कुठला रुपया माळेत घ्यायचा, हे त्या अंगठेबहाद्दर आज्यांना बरोबर कळायचं.

आता कुणी म्हणेल, ताई, अडीअडचणीसाठीच तर चांदी असते! खरं आहे. आपला जिल्हा कापसाचा. मृग लागला की बियाण्याला पैसा लागतो आणि सगळ्यात आधी उतरतं ते बाईच्या अंगावरचं. लेकराची फी, दवाखाना समोर उभा असताना 'वारसा जपा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण मोडण्याआधी गहाण ठेवायचा विचार तरी करावा. चांदीच्या दागिन्यांवरच्या कर्जाचे नियम रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये काढले, ते १ एप्रिल २०२६ पासूनचे. एका कर्जदाराला १० किलोपर्यंतचे चांदीचे दागिने तारण ठेवता येतात. हिशेब तिथंही निव्वळ चांदीचाच, मजुरीचा नाही. पण कर्ज फिटलं की डाग आहे तसा घरी येतो. मुशीत गेलेला येत नाही.

आणि हो, हे सगळं अंगावर घाला असं मी मुळीच म्हणत नाही. सुनांना ते वजन नको असतं, आणि का हवं असावं? नवरा गेला की उतरवायचा नियमही बाईलाच. ते ओझं गेलं तर आनंदच आहे. पण ओझं टाकताना हुन्नरही उकिरड्यावर टाकायचा का? नवरात्रात गरब्याला आपल्याच मुली 'बंजारा स्टाइल' म्हणून काळपट मुलाम्याचे साचेबंद झुमके घेतात. वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. तिथं आपण हौसेनं जातो, आणि आजीच्या पेटीतलं मात्र मोडीत घालतो!

आपल्याला जमण्यासारखं थोडंसं सांगते. मोडायचंच असेल तर जोडीतला एक डाग ठेवा. आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वजन, नाव आणि कुठल्या गावच्या सोनारानं घडवला ते लिहून ठेवा. गावात हातानं काम करणारा कारागीर उरला असेल तर बारशाचे वाळे त्याच्याकडून करून घ्या. मजुरी चार पैसे जास्त पडेल, पण त्याच्या मुलाला हातोडी धरावीशी वाटेल.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एकेक जुना डाग आणावा आणि त्याचं नाव सांगावं. एकीनं वहीत लिहावं. नावं ठाऊक असणाऱ्या बहुतेक आज्याच असतील, त्यांतल्या कितीतरी विधवा. त्यांना आधी बोलवा, आणि बसायला पुढची जागा द्या.