१९६२चा ट्रक, सहा सिलिंडर आणि ‘मूळ स्वरूप’ म्हणजे नक्की काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या फिटनेस चाचणीची फी वाढवली. २० वर्षांवरच्या जड ट्रक-बससाठी ती २,५०० रुपयांवरून थेट २५,००० झाली. बातमी आली त्याच रात्री कोल्हापूरहून मामाचा फोन. “अरे, आपल्या म्हातारीचं काय करायचं सांग. इंजिन बांधायचं, बदलायचं, का सरळ भंगारात घालायची?”

म्हातारी म्हणजे आजोबांनी १९६२ साली घेतलेला टाटा-मर्सिडीज एल ३१२. कोल्हापूरच्या बाजारातून आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गूळ नेणारा हा ट्रक. आमच्या घरातल्या तीन लग्नांचं वऱ्हाडही त्यानेच वाहिलं. गेली बारा वर्षं तो शेडमध्ये उभा आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, पण इंजिनिअरिंगची डिग्री मेकॅनिकलची. त्यामुळे घरच्यांच्या मते हा प्रश्न माझ्याच खात्यात येतो.

मामाचे तीन पर्याय ऐकायला सोपे आहेत. पण कायदा या तिन्हींकडे कसा बघतो आणि इंजिनाला त्यांचा काय अर्थ लागतो, ह्या दोन वेगळ्याच गोष्टी निघाल्या.

आधी इंजिनाची ओळख. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४चा, १५ वर्षांचा. म्हणून १९६९ पर्यंतच्या टाटा ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा दिसतो. एल ३१२ मधलं इंजिन म्हणजे ओएम ३१२: एका ओळीत सहा सिलिंडर, बोअर ९० मिमी, स्ट्रोक १२० मिमी, ४,५८० सीसी, ताकद साधारण ९० हॉर्सपॉवर. आजच्या एखाद्या मोठ्या एसयूव्हीचं इंजिन याच्या निम्म्याहून लहान असतं आणि दुप्पट ताकद देतं. तरीही ही सहाची रांग सुंदर आहे, आणि त्याला कारण आहे.

चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात. हिशोब जुळल्यासारखा वाटतो, पण पूर्ण जुळत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टनचा वरच्या टोकाजवळचा वेग आणि खालच्या टोकाजवळचा वेग सारखा नसतो. त्यातून क्रँकच्या दुप्पट गतीने एक थरथर उरते. सहाच्या रांगेत पिस्टन जोडीने चालतात: १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४. जोड्यांमध्ये १२०-१२० अंशांचं अंतर असतं. ही मांडणी अशी आहे की मुख्य धक्के एकमेकांना खातात आणि ती दुप्पट गतीची थरथरही उरत नाही. वेगळा बॅलन्स शाफ्ट लागत नाही. फायरिंग १-५-३-६-२-४ अशा क्रमाने होतं, म्हणजे दर १२० अंशांना एक ढकल. आजोबा म्हणे चालू इंजिनच्या बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवून दाखवायचे.

आमच्या म्हातारीवर मात्र पेला सोडा, पाना ठेवला तरी सरकत होता. इंजिन उघडल्यावर कळलं का ते. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी ‘हाफ इंजिन’ केलं होतं आणि चार नंबरच्या सिलिंडरमध्ये वेगळ्याच मेकचा पिस्टन बसवला होता. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी सहाही पिस्टन काट्यावर ठेवले. पाच जवळपास सारखे, एक ३८ ग्रॅमने जड.

३८ ग्रॅम म्हणजे काय, तीन-चार बिस्किटं. मी हिशोब केला. ६० मिमीची क्रँक त्रिज्या, २,८०० आरपीएम. त्या जादा वजनामुळे येणारा धक्का सुमारे १९६ न्यूटन, म्हणजे २० किलोच्या वजनाइतका, सेकंदाला जवळपास ४७ वेळा. तोही कायम एकाच जागी, तीन आणि पाच नंबरच्या मधल्या बेअरिंगपाशी. ते बेअरिंग झिजून तांबूस झालं होतं. मिस्त्री म्हणाले, “बगा इंजिनिअर, दिसायला सगळं ओरिजिनल होतं का नाही?”

त्यांचं हे वाक्य पकडूनच मला कायद्याकडे यायचं आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळी सोय केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी, मूळ स्वरूपात जपलेली, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली. अशा गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. फी २० हजार, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५ हजार. वापर प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरताच, रोजचं चालवणं नाही. कल्पना चांगली आहे. मी तिच्या बाजूचा आहे.

पण हा नियम व्यक्तिगत, बिगर-व्यावसायिक वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे. मालवाहू म्हणून नोंदलेला ट्रक त्यात बसतच नाही. म्हणजे महाराजांची रोल्स-रॉइस वारसा, आणि ज्या ट्रकने अख्ख्या जिल्ह्याचा गूळ वाहिला तो फक्त ‘जुनी मालवाहू गाडी’. त्याला वर्षाला फिटनेस, आणि तीही वाढत्या फीने. आमचा ट्रक वजनाने मध्यम गटात येतो, त्यामुळे फी थोडी कमी. पण वाढीची दिशा तीच. गंमत म्हणजे हाच एल ३१२ जर्मनीत असता तर ३० वर्षं पूर्ण झाल्यावर त्याला ‘एच’ पाटी मिळू शकली असती. तिथे त्यासाठी ट्रकही पात्र असतात, आणि त्या काळात रुळलेले बदल मान्य असतात.

दुसरी गोष्ट ‘इंजिनात फेरबदल’ या शब्दांची. समजा उद्या ट्रकांनाही ही सोय मिळाली, तर आमचं इंजिन मूळ आहे का? ते आधीच रिबोअर झालेलं आहे. बोअर ९१ मिमी, म्हणजे सुमारे ४,६८३ सीसी. ओएम ३१२ च्या ४,५८० सीसीपेक्षा १०० सीसी जास्त, आणि हे कुणीही ‘अपग्रेड’ म्हणून केलेलं नाही. झिजलेला सिलिंडर गोल करायचा तर तो मोठाच होतो. पुढे टाटांनी स्वतःच ९२ मिमी बोअरचं ६९२ इंजिन आणलं. मग ९७ मिमीचं, १२८ मिमी स्ट्रोकचं, ५,६७५ सीसीचं ६९७. नावातच हिशोब आहे: सहा सिलिंडर, ९७ बोअर. यातला कुठला मिलिमीटर देखभालीचा आणि कुठला फेरबदलाचा, हे नियम सांगत नाही.

क्रँकचंही तेच. जर्नल घासलं की ते बारीक होतं आणि तेवढं जाड बेअरिंग घालतात, पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी. आमचा क्रँक ०.५० वर होता, आता ०.७५ वर गेला. अजून एकदा घासता येईल, मग विषय संपला. सॉफ्टवेअरमध्ये जुना कोड कितीही वेळा नीट करता येतो, तो झिजत नाही. इथे प्रत्येक दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीची जागा खाते. हे मला शेडमध्ये उभं राहून, हातात मायक्रोमीटर घेतल्यावरच खरं समजलं.

मामाचा कल ६९७ बसवण्याकडे होता. खोटं का बोला, पर्याय भुरळ पाडणारा आहे. एकाच घराण्यातली इंजिनं आहेत ही. ओएम ३१२ मध्ये डिझेल आधी एका छोट्या प्री-चेंबरमध्ये पेटतं. आवाज मऊ येतो, पण उष्णता भिंतींत वाया जाते. ६९७ मध्ये डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जातं, त्यामुळे ते कमी पितं. टर्बो असलेलं ६९७ तर १३० हॉर्सपॉवर देतं आणि स्पेअर कुठेही मिळतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कडक शब्दांत अधोरेखित केलं. इंजिन बदलायचं तर परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. शिवाय ६० वर्षांच्या एकाच सर्किटच्या ब्रेकवर ४० घोडे जास्त जोडून आंबा घाट उतरायचा? मी मामाला म्हटलं, आधी ब्रेकचं बोल.

जुन्याच इंजिनाला टर्बो लावायचाही एक सल्ला आला होता. प्री-चेंबरचं हेड आधीच तापतं, त्यात पिस्टनला तेलाचा गार फवारा नाही. तो विचार दोन मिनिटांत संपला.

मग आम्ही काय केलं? ब्लॉकला स्लीव्ह घालून बोअर परत ९० मिमी केला. म्हणजे मूळ माप मिळवायला मूळ नसलेला भाग घातला. सहा पिस्टन एका सेटचे, काट्यावर जुळवून घेतले. क्रँक घासून, फ्लायव्हीलसकट बॅलन्स केला. सातही मेन बेअरिंगच्या बैठका एका रेषेत आहेत का ते तपासलं. लांब क्रँकच्या इंजिनाचा जीव त्या रेषेत असतो. पुढचा डॅम्पर तपासून घेतला, कारण लांब क्रँक वळतो, पीळ खातो, आणि ती थरथर पिस्टनांच्या जोड्या थांबवू शकत नाहीत.

एक अपग्रेड मात्र आम्हाला इंधनाने करायला लावलं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम. हवेसाठी उत्तम. पण गंधक काढताना डिझेलची घटक-रचना बदलते, जुनी रबरी सील आक्रसतात आणि पंप गळायला लागतो. त्यामुळे इंजेक्शन पंपाची सील व्हायटॉनची केली, नोझल बदलली आणि पंप टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट केला. आता काटेकोर नियमवाचन करणाऱ्याला हाही इंजिनातला फेरबदलच वाटेल. न करता गाडी चालवणं म्हणजे गरम मॅनिफोल्डशेजारी डिझेलची धार सोडणं.

जुन्या डिझेलचा प्रश्न निघाला की लोक दिल्लीचं उदाहरण देतात. तिथला १० वर्षांचा नियम राजधानी परिसरापुरता आहे, महाराष्ट्राला लागू नाही. तरी व्हॉट्सअॅपवर दर महिन्याला फिरतोच. त्यात एक बदल मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या वयावर आधारित कारवाईला लगाम घातला आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. म्हणजे वयाकडून उत्सर्जनाकडे अर्धं पाऊल. अर्धं, कारण तिथेही कारखान्याचं लेबल बघतात, समोरच्या गाडीचा धूर नाही. धूर मोजायचं यंत्र तर डिझेल गाड्या तपासणाऱ्या पीयूसी केंद्रांवर आहेच. माझ्या मते जुन्या इंजिनाला तीन गोष्टी विचाराव्यात: धूर किती, ब्रेक कसे, आणि केलेला बदल परत काढता येतो का. चार नंबरचा तो जड पिस्टन यातल्या पहिल्याच प्रश्नाला अडकला असता.

गेल्या महिन्यात इंजिन चालू केलं. पीयूसीवर अशा जुन्या डिझेलला मर्यादा ६५ एचएसयू. बांधण्याआधी आमचं काळं कुट्ट ७८, आता ४१. मामाने पेला आणला, काठोकाठ भरला, बॉनेटवर ठेवला. थोडं सांडलं. मिस्त्री म्हणाले, माउंटिंगची रबरं राहिली आहेत, ती बदलली की बघा.

ब्रेकचं काम दिवाळीनंतर. मामाने टोकन देऊन ठेवलेलं ६९७ मिस्त्रींच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. टोकन त्याने अजून परत मागितलेलं नाही.