नवकंकरीचा सर्व्हर बीडमध्येच लिहा
बीडच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकणाऱ्या मुलांनी शेवटच्या वर्षी हजेरीपट नाहीतर ग्रंथालयाची नोंदवही संगणकावर आणण्यापेक्षा ब्राउझरवर दोघांनी खेळायच्या नवकंकरीचा सर्व्हर लिहावा. हजेरी मिनिटभर उशिरा नोंदली गेली तरी कुणाचे काही अडत नाही, म्हणून तिथे कच्चे कामही खपून जाते. खेळात एकाने खडा सरकवला की समोरच्याला तो लगेच दिसावा लागतो. त्यासाठी प्रत्येक ब्राउझर दर सेकंदाला ‘काही बदलले का?’ विचारू लागला, तर 40 खेळाडूंच्या तासाभरात 1,44,000 विनंत्या होतात आणि बहुतेकींचे उत्तर ‘नाही’ असते. 2011 मध्ये प्रमाणित झालेल्या वेबसॉकेटमध्ये जोडणी एकदाच उघडते आणि चाल झाली की सर्व्हर स्वतःच कळवतो. मोठा धडा मात्र पुढे आहे. ‘माझे तीन खडे जुळले, तुझा एक मेला’ हे ब्राउझरने ठरवायचे नाही, कारण तिथला कोड कुणालाही बदलता येतो. ब्राउझरने फक्त ‘सातवरून आठवर’ एवढेच मागावे; पाळी कुणाची, घर रिकामे आहे का, हे सर्व्हरने तपासावे. बँकेचे व्यवहारही याच नियमावर चालतात.

‘आमच्याकडे रेंजच टिकत नाही’ हा आक्षेप खरा आहे, पण तो या प्रकल्पाच्या बाजूचाच आहे. नवकंकरीच्या पटावर 24 घरे. प्रत्येक घर रिकामे, नाहीतर दोघांपैकी एकाचे. म्हणजे अख्खा पट 24 अक्षरांत मावतो. जोडणी तुटलेला खेळाडू सुरुवातीला मिळालेली खूण दाखवून परत आला की हुकलेल्या चाली शोधत बसायचे नाही, सगळा पटच पाठवून द्यायचा. पाटोद्यातल्या तुटक नेटवर टिकलेला सर्व्हर पुण्यात सहज टिकेल. पालकांना ऑनलाइन खेळ म्हटले की रमीत बुडालेला पैसा आठवतो, आणि ती धास्ती रास्तच आहे. पण 2025 च्या केंद्रीय कायद्यानेही पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळांना वाव ठेवला आहे. नवकंकरीत तर पैसा लागतच नाही. अशा सर्व्हरच्या तयार सेवा विकत मिळतात हेही खरे, पण त्या वापरणाऱ्या मुलाला दोन चाली एकाच क्षणी आल्या तर काय होते, हे कधी कळणारच नाही. प्रयोगशाळेतला एक जुना संगणक आणि तिथलेच वायफाय यावर हे सारे चालते, बाहेरचे इंटरनेटही लागत नाही. विभागप्रमुखांनी यंदाची प्रकल्पांची यादी लावण्याआधी हा विषय तिच्यात घालावा.