हॅम्बुर्गचे प्रेक्षणीय व्याकरण

'हॅम्बुर्गला दोन दिवसांत काय पाहावे' या विषयावरचा मराठी मजकूर पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांपासून रविवारच्या पुरवण्यांपर्यंत सर्वत्र आढळतो. त्यांतला एक वाचला की उरलेले वाचण्याचे कारण राहत नाही. लाल विटांची वखारनगरी, तिच्यातले छोट्या आगगाड्यांचे प्रदर्शन, एल्बे नदीकाठचे काचेचे संगीतगृह, लांडुंग्सब्र्युकनच्या धक्क्यावरून नौकाविहार, रविवारी पहाटेचा मासळीबाजार, बीटल्स जिथे गायले ती गल्ली आणि वेळ उरलाच तर अल्स्टर तलावाकाठी कॉफी. यांतले काहीच खोटे नाही. आगगाड्यांचे प्रदर्शन खरोखरच विलक्षण आहे आणि पावात घातलेली हेरिंग मासळी खाताना कोणालाही इतिहास आठवण्याची सक्ती नाही. माझी तक्रार या यादीच्या व्याकरणाविषयी आहे.

या मजकुरांत क्रियापदे दोनच प्रकारची असतात. पर्यटकासाठी आज्ञार्थ: पाहा, चढा, खा, छायाचित्र काढा. आणि शहरासाठी कर्मणी वळणाची, कर्ता गाळलेली वाक्ये: वखारी बांधण्यात आल्या, मनोरा उभारला गेला, वस्ती हलवण्यात आली. कोणी, कोणासाठी, कोणाला उठवून, हे प्रश्न त्या वाक्यरचनेतच बसत नाहीत. साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्याला 'निवेदक कोण, तो काय गाळतो' हे विचारायला शिकवतो, आणि तोच विद्यार्थी (पुष्कळदा त्याचा शिक्षकही) परदेशी जाताना ही वाक्ये निमूटपणे बॅगेत भरतो. बंदराच्या शहरात तर ही चूक फार महागात पडते. कारण बंदर म्हणजे येणे, जाणे, चढवणे, उतरवणे. क्रिया आणि कर्ते काढून घेतले की मागे उरतो तो नुसता देखावा.

वखारनगरीचेच पाहा. श्पायखरश्टाट १८८८ साली बांधण्यात आली, हे प्रत्येक यादीत असते. हॅम्बुर्ग त्या वर्षी जर्मन साम्राज्याच्या जकातसंघात सामील झाले. व्यापाऱ्यांना मात्र जकातीविना माल साठवण्याची सोय हवी होती, म्हणून शहराच्या शासनाने केर्व्हीडर आणि वांडराम या दोन नांदत्या वस्त्या १८८३ पासून जमीनदोस्त केल्या. सुमारे वीस हजार माणसे उठवली गेली. त्यांत व्यापाऱ्यांची घरे होती, तशी धक्क्यावर राबणाऱ्या मजुरांचीही. कॉफी, चहा, मसाले यांना छप्पर मिळाले. मजुरांची भर आधीच दाटलेल्या गल्ल्यांत पडली. चारच वर्षांनी, १८९२ साली, पटकीची साथ आली आणि साडेआठ हजारांवर माणसे दगावली. शहर एल्बेचे पाणी न गाळता पाजत होते. शेजारचे आल्टोना गाळून पाजत होते आणि तिथे मृत्यू तुलनेने फारच थोडे झाले. १८९६-९७ च्या हिवाळ्यात गोदी कामगारांनी अकरा आठवडे संप केला आणि तो हरले. ज्या कालव्यांवरच्या संध्याकाळच्या दिव्यांचे वर्णन आपले प्रवासलेखक 'स्वप्नवत' या विशेषणाने करतात, ते कालवे या हिशेबाचा भाग आहेत.

वखारींपासून काही पावलांवर कचेऱ्यांची जुनी पेठ आहे. २०१५ साली युनेस्कोने वखारींसह तिला जागतिक वारसा ठरवले. यादी इथे चिलेहाउस दाखवते आणि त्याचे टोक जहाजाच्या नाळेसारखे आहे, तिथून छायाचित्र घ्या, असे सुचवते. वास्तुरचनाकार फ्रिट्झ ह्योगर याचे नावही कधीकधी असते. इमारतीचे नाव दक्षिण अमेरिकेतील देशावरून का पडले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ती बांधवणाऱ्या स्लोमनची संपत्ती चिलीतील सोऱ्याच्या व्यापारातली होती.

तिथून रस्ता ओलांडला की मेसबर्गहोफ लागते. ही इमारत आपल्या याद्यांत मला अद्याप भेटलेली नाही. तिचे मूळ नाव बालिनहाउस. आल्बर्ट बालिन या ज्यू जहाज-व्यावसायिकाने हॅम्बुर्गची हापाग ही कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांत नेऊन बसवली होती. इमारतीचे रचनाकार गेर्सोन बंधूही ज्यूच. १९३८ साली नाझींनी बालिनचे नाव पुसले. याच इमारतीत टेश उंड श्टाबेनोव या कंपनीची कचेरी होती. आउश्विट्झच्या छावणीला झायक्लॉन बी हा विषारी वायू पुरवणारी कंपनी ती हीच. तिचा प्रमुख ब्रूनो टेश याला १९४६ साली ब्रिटिश लष्करी न्यायालयाच्या निकालानुसार फाशी झाली. भिंतीवर याचा फलक आहे. म्हणजे शहराने हे लपवलेले नाही. लपवले आहे ते आपल्या यादीने.

बंदरातून कोण कोण गेले, हेही कर्त्यानिशी वाचावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० च्या दशकापर्यंत सुमारे पन्नास लाख माणसे हॅम्बुर्गहून मुख्यतः अमेरिकेकडे निघाली. बालिनच्या कंपनीने त्यांच्यासाठी फेडेल भागात बांधलेल्या निवासांच्या जागी २००७ पासून संग्रहालय आहे. १९०४ पासून वोरमान कंपनीच्या जहाजांनी बाकेनहाफेनच्या धक्क्यावरून आजच्या नामिबियाकडे सैनिक नेले. त्या सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा जो संहार केला, त्याला जर्मन सरकारने वंशसंहार म्हटले ते २०२१ साली. आणि जवळच्याच हानोफरशर बानहोफ या रेल्वे स्थानकातून १९४० ते १९४५ या काळात आठ हजारांवर ज्यू, सिंटी आणि रोमा माणसांना मृत्यूकडे पाठवले गेले. त्या जागी लोझेपार्कमध्ये २०१७ पासून स्मारक आहे. काचेचे संगीतगृहही २०१७ सालचेच. दोहोंमध्ये रमतगमत चालले तरी अर्ध्या तासाहून अधिक अंतर नाही. तरीही एकाला यादीत पहिला क्रमांक मिळतो आणि दुसऱ्याला क्रमांकच नाही.

बीटल्सच्या ग्रोस फ्रायहाइट गल्लीतून वळले की श्मुकश्ट्रासे लागते. खलाशी म्हणून आलेल्या चिनी माणसांची तिथे वस्ती होती. १३ मे १९४४ रोजी गेस्टापोने सुमारे १३० चिनी पुरुषांना अटक केली आणि ती वस्ती संपवली. गल्लीत गिटार तेवढे ऐकू यावे, अशी व्यवस्था यादीने केली आहे.

यावर एक आक्षेप येणारच: माणूस सुट्टीवर जातो, चार पैसे साठवून जातो, त्याला तुम्ही श्राद्धाला का बसवता? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. आनंद आणि माहिती यांत वैर मानणे हाच यादीचा पहिला संस्कार आहे. एल्बेखालचा जुना बोगदा, जो १९११ साली गोदी कामगारांना पलीकडच्या जहाजबांधणी कारखान्यांत जाता यावे म्हणून खणला गेला, तो पायी ओलांडताना त्या पहाटपाळीच्या पावलांची कल्पना केली तर आनंद कमी होत नाही. बोगदा 'जुना आणि सुंदर' एवढाच राहत नाही, इतकेच. शिवाय या मार्गाला खर्चही कमी: महागड्या नौकाविहाराऐवजी शहराच्या साध्या तिकिटावर बासष्ट क्रमांकाची फेरीबोट फिंकनवेर्डरपर्यंत नेते. तिच्यावरून बंदराची कामे दिसतात, आणि कामे करणारी माणसेही.

साहित्याच्या वाचकाने तर हॅम्बुर्गला वोल्फगांग बोर्शर्टसाठी जावे. तो १९२१ साली इथे जन्मला आणि युद्धातून मोडून परतला. त्याच्या नाटकाचा पहिला प्रयोग इथल्या काम्मरश्पीले नाट्यगृहात २१ नोव्हेंबर १९४७ रोजी झाला. आदल्याच दिवशी तो बाझेलमध्ये वारला होता. नाटकात एल्बे ही नदी एक पात्र आहे. जीव द्यायला आलेल्या सैनिकाला ती काठावर परत फेकते. मग तो आपल्या कर्नलच्या घरी जातो, ते युद्धात त्याच्यावर सोपवलेली जबाबदारी परत करायला. कर्नल हसतो. गाळलेला कर्ता शोधत दारोदार फिरणाऱ्या माणसाचे हे नाटक आहे, आणि ते ज्या नदीकाठी घडते तिथे आपण फक्त नौकेची वेळ विचारतो.

मराठी प्रवासवर्णनाची परंपरा दुबळी नाही. १८५७ च्या धुमाळीतून वाट काढणाऱ्या विष्णुभट गोडशांनी 'माझा प्रवास' लिहिला, तेव्हा कोणी कोणाला मारले, कोणी कोणाला लुटले, हे सांगताना त्यांनी कर्ता गाळला नाही. दानधर्म मिळेल या आशेने निघालेल्या गरीब भिक्षुकाला जे जमले, ते विमानाने जाणाऱ्या पदवीधरांना जमू नये, हे लाजिरवाणे आहे. म्हणून वर्गात शिकवणाऱ्यांना एकच सुचवतो. एखादी 'प्रेक्षणीय स्थळां'ची यादी फळ्यावर लिहा आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता मुलांकडून शोधून घ्या. हॅम्बुर्गला जाणे बहुतेकांना जमणार नाही. पण हा सराव झालेला विद्यार्थी स्वतःच्या गावातही 'बांधण्यात आले' हे शब्द वाचून थबकेल, आणि कोणी, असे विचारील.