तलंग की नर? पावतीवर लिहून द्या!

परसातल्या कोंबडीचं अंडं म्हणजे घरातल्या बाईचा पैसा. तो सोसायटीच्या कर्जात वळता होत नाही, त्याचा हिशोब कुणी मागत नाही. पोराची वही, एसटीचं तिकीट, बचत गटाचा हप्ता यातूनच सुटतो. म्हणून 'कोंबड्यांवर काय लिहितोस' म्हणून हसू नका. मुद्दा त्या पैशाचा आहे.

आठवडे बाजारात गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "सगळ्या माद्याच हायेत, ताई." मंडळी, ही पिल्लं बहुतेक वेळा अंड्याच्या जातीतले नर असतात. तिथल्या हॅचरीला मादीच हवी असते. नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा वजनालाही भरत नाही. मग नको असलेला माल रंगवून आपल्या गळ्यात!

एक दिवसाच्या पिल्लात नर-मादी कळते का? कळते, पण शेपटीखालचा भाग उघडून पारखायचं कसब लागतं. जपानी तज्ज्ञांनी १९२० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. आजही ते शिकलेल्या माणसाचं काम आहे. काही ठरावीक संकरांत पंखाच्या पिसांवरून कळतं. बाकी पिल्लू उलटं धरून पाय झाडतंय का बघणं म्हणजे अंदाजपंचे. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो हाही गैरसमजच.

आता सरकारी योजनेचं बघा. एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत दोन प्रकार आहेत. एक तलंग गट: ८ ते १० आठवड्यांच्या २५ माद्या आणि ३ नर. दुसरा, एक दिवसाची १०० पिल्लं. पहिल्यात नर मोजून मिळतात. दुसऱ्यात मात्र साधारण निम्मे नर धरूनच चालायचं. यात लबाडी नाही, निसर्गच तसा आहे. पण पिल्लं घेताना हे किती जणींना सांगितलं जातं? १०० कोंबड्यांच्या अंड्यांचं स्वप्न घेऊन बाई घरी जाते आणि चार महिन्यांनी अंगणात पहाटे आरवण्याची स्पर्धा लागते.

तोवर दाणा गेलेला असतो. पूर्ण दाण्यावर ठेवलं तर मोठा पक्षी दिवसाला साधारण १०० ग्रॅम खातो. जास्तीचे १० नर म्हणजे महिन्याला ३० किलो! शिवाय नर एकमेकांना रक्तबंबाळ करतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसं उडवतात. ८-१० कोंबड्यांमागे एक नर पुरे. आणि फक्त खायची अंडी हवी असतील तर एकही नको. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत.

ओळखायचं कसं? सहा ते आठ आठवड्यांत बघा. नराचा तुरा मोठा आणि लाल होऊ लागतो, चोचीखालची कातडी लोंबते, पाय जाड दिसतात. तलंगेचा तुरा बारीक, फिकट राहतो. कडकनाथचा तुराच काळपट, तिथे रंगावर जाऊ नका, आकार बघा. तीन महिन्यांनंतर शेपटीच्या बुडाशी पाठीवरची पिसं बघा: लांब, टोकदार, चकचकीत असली तर नर; गोल टोकाची असली तर मादी. हे सगळ्यात भरवशाचं. एकाच खुणेवर निकाल देऊ नका आणि शेजारी एकाच वयाची पिल्लं ठेवून ताडून बघा.

जास्तीचे नर वेळेत काढा. आखाड, गावची जत्रा धरून हिशोब केला तर तोच नर दाण्याचा खर्च भरून देतो. नियोजनाने विकला तर कमाई, नाहीतर फुकटचा पाहुणा.

माझं म्हणणं एवढंच. एक दिवसाची पिल्लं देताना 'नर-मादी मिश्र' असं पावतीवर लिहा, मग ती योजना असो वा विक्रेता. तलंग गट वाटताना खुराड्यात कोंबायच्या आधी बाईसमोर एकेक पक्षी मोजून द्या. यासाठी ना नवा निधी लागतो, ना नवा जीआर.

आणि ताईंनो, मावश्यांनो, "सगळ्या माद्याच" म्हणणाऱ्याला एकच सांगा: लिहून दे. पुढच्या बाजारी तो जागेवर दिसला, तर बोलू.

तुमच्या गावात काय अनुभव आहे? कमेंटमध्ये लिहा आणि पोस्ट बचत गटाच्या ग्रुपवर नक्की टाका.