कमी खतात पिकणारा भात: नव्या वाणामुळे युरियाची गोणी खरेच वाचेल का?

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. पहिला हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा ‘डीआरआर धान १००’ म्हणजेच ‘कमला’. दुसरा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा डीएसटी राईस १’. कमलाची शिफारस ज्या राज्यांसाठी झाली आहे, त्यात महाराष्ट्राचाही समावेश आहे. या घोषणेबरोबर पाणी आणि खत वाचेल, असेही सांगितले गेले. त्यामुळे भात उत्पादकाच्या मनात साहजिक प्रश्न येतो, की नवे बियाणे आले तर युरियाची एक गोणी कमी टाकली तर चालेल का?

थोडक्यात उत्तर असे, की केवळ वाण नवा आहे म्हणून खत कमी करू नका. कारण समजून घेण्यासाठी या वाणात नेमके काय बदलले आहे आणि टाकलेले नत्र जाते कुठे, हे पाहावे लागेल.

कमलामध्ये काय बदलले?

कमला हा सांबा महसुरी (बीपीटी ५२०४) या लोकप्रिय वाणापासून तयार केला आहे. लोंबीत किती दाणे धरायचे, यावर सायटोकायनिन नावाच्या संजीवकाचा मोठा प्रभाव असतो. हे संजीवक तोडणारे विकर तयार करण्याचे काम ‘जीएन१ए’ (सीकेएक्स२) हे जनुक करते. शास्त्रज्ञांनी क्रिस्पर तंत्राने हे जनुक निकामी केले. त्यामुळे संजीवक टिकून राहते आणि लोंबीतील दाणे वाढतात. यात बाहेरच्या जिवाणूचे किंवा दुसऱ्या पिकाचे जनुक घातलेले नाही, त्यामुळे बीटी कपाशीशी याची गल्लत करू नये. बाहेरचे जनुक नसलेल्या अशा पिकांना पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये जीएम पिकांसाठीच्या काही कडक नियमांतून सूट दिली आहे.

अधिकृत माहितीनुसार समन्वित चाचण्यांत मूळ वाणाचे सरासरी उत्पादन हेक्टरी ४.५ टन, तर कमलाचे ५.३७ टन आले. म्हणजे वाढ सुमारे १९ टक्के. शिवाय हा वाण सुमारे २० दिवस आधी, म्हणजे साधारण १३० दिवसांत तयार होतो. पुढे जीएम विरोधी संघटनांनी या चाचण्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते फेटाळले.

खताबाबत एक गोष्ट लक्षात घ्या. बदललेले जनुक दाण्यांच्या संख्येचे आहे, मुळांनी नत्र शोषण्याचे नाही. खत वाचण्याचा उल्लेख आला तो प्रामुख्याने कमी कालावधीच्या संदर्भात. कालावधी कमी म्हणजे पाण्याच्या पाळ्या कमी, हे सरळ आहे. पण दाणे भरायला लागणारे नत्र दिवसांवर ठरत नाही, ते उत्पादनावर ठरते.

जास्त पिकेल तो जास्त खाईल

एक टन भात पिकवताना दाणे आणि पेंढा मिळून पीक साधारण १५ ते २० किलो नत्र उचलते. वरच्या आकड्यांप्रमाणे हेक्टरी ०.८७ टन जादा उत्पादन आले, तर पिकाला १३ ते १७ किलो जादा नत्र लागेल. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते. म्हणजे हे जादा नत्र जवळपास पाऊण गोणीतील नत्राएवढे झाले. ते खतातून आले नाही, तर जमिनीतून येईल. दोन-तीन हंगाम उत्पादन चांगले दिसेल आणि नंतर जमीन हात आखडता घेईल.

पालाशचेही तसेच आहे. भाताने उचललेल्या पालाशचा मोठा भाग पेंढ्यात असतो. पेंढा दरवर्षी शेताबाहेर जात असेल, तर जास्त उत्पादनाचा वाण पालाशही वेगाने उपसतो.

गोणीतले नत्र जाते कुठे?

जगभरातील आकडेवारीवरून १९९९ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार धान्य पिकांना दिलेल्या नत्रापैकी सुमारे ३३ टक्केच दाण्यात पोचते. खरे नुकसान इथे आहे. उरलेल्यातील काही पेंढ्यात आणि जमिनीत राहते. बाकीचे प्रामुख्याने तीन वाटांनी जाते.

- हवेत उडून: बांधीत पाणी असताना युरिया फोकला, तर त्याचा अमोनिया होऊन उडतो.
- जिवाणूंमुळे: जमिनीतील जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. बांधी कधी सुकी, कधी भरलेली असेल, तर हेच नायट्रेट पुढे वायूरूपाने निघून जाते.
- पाण्याबरोबर: नायट्रेट मातीला धरून राहत नाही. ते खाली झिरपते किंवा बांध फुटला की वाहून जाते.

बियाण्यातील जनुक यातील प्रत्येक गळती थांबवू शकत नाही. हवेत उडालेला अमोनिया कोणतेही मूळ परत आणू शकत नाही.

अन्नद्रव्यांवरील खरे संशोधन कुठे पोचले?

१) बुटक्या वाणांची अडचण. १९६६ च्या आयआर ८ पासून आलेले बुटके वाण जास्त नत्रातही लोळत नाहीत. पण त्यांना बुटके ठेवणारी यंत्रणाच नत्राचे शोषण थोडे मंदावते. चीनमधील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवले, की ‘जीआरएफ४’ हे जनुक वाढवल्यास झाड बुटके राहूनही नत्र चांगले उचलते. आपण आजवर या वाणांना गोणी वाढवून का जगवले, याचे एक कारण इथे मिळते.

२) नायट्रेट उचलणारे जनुक. भाताच्या ‘एनआरटी१.१बी’ या जनुकाचे दोन प्रकार आहेत. इंडिका भातातील प्रकार जपोनिका भातातील प्रकारापेक्षा नायट्रेट चांगले उचलतो, असे २०१५ मध्ये सिद्ध झाले. जपोनिका पिकवणाऱ्या देशांसाठी हा मोठा शोध आहे. आपले बहुतेक भात इंडिका गटातले आहेत, म्हणजे हा चांगला प्रकार आपल्याकडे बहुतांशी आधीच आहे. त्यामुळे ‘परदेशात या जनुकाने नत्र वाचले’ अशी बातमी वाचून आपल्याकडेही तेवढाच फायदा होईल, असे समजू नका.

३) स्फुरद शोधणारी मुळे. कासलथ हा औस गटातील पारंपरिक भात. त्यातील ‘पीएसटीओएल१’ हे जनुक २०१२ मध्ये ओळखले गेले. हे जनुक सुरवातीलाच मुळे जोमाने वाढवते, त्यामुळे स्फुरद कमी असलेल्या जमिनीतही रोप तग धरते. अनेक आधुनिक वाणांत ते नाहीच. नेहमीच्या संकरातून, मार्करच्या मदतीने ते दुसऱ्या वाणात आणता येते. मात्र ते जमिनीत स्फुरद तयार करत नाही, असलेले शोधून देते. पुरेसा स्फुरद असलेल्या जमिनीत त्याचा फायदा फारसा दिसत नाही.

४) नायट्रेट होऊच न देणारी मुळे. काही गवतांच्या मुळांतून असे द्रव्य पाझरते, की नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात. ज्वारीच्या मुळांतील सॉरगोलिओन हे असेच द्रव्य आहे. जपानच्या जिरकास संस्थेतील गुंटूर सुब्बाराव आणि सिमिट या गहू-मका संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका रानटी गवतातील हा गुण गव्हात आणला व २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे काम दूरच्या संकरातून झाले, जनुक संपादनातून नाही. गंगेच्या मैदानातील गव्हासाठी भारतीय संस्थांबरोबर याचे काम सुरू आहे. वर सांगितलेल्या दुसऱ्या गळतीवर थेट उपाय करणारे हे संशोधन आहे.

म्हणजे दिशा आशादायक आहे. पण ‘एक जनुक बदलले की एक गोणी वाचली’ असे सरळ गणित यातील कशातही नाही.

या खरिपात काय कराल?

नत्राची सर्वांत मोठी बचत अजूनही टाकण्याच्या पद्धतीत आहे.

- माती परीक्षण करून मगच मात्रा ठरवा. युरियाची गोणी अनुदानामुळे सुमारे २६६ रुपयांना मिळते, तर डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना. स्वस्त म्हणून युरियाकडे हात जातो आणि स्फुरद-पालाश मागे पडते. मग दिलेले नत्रही पिकाला नीट वापरता येत नाही.
- युरिया एकदम न देता लावणी, फुटवे आणि लोंबी धरण्याची अवस्था अशा हप्त्यांत विभागून द्या. देण्यापूर्वी बांधीतील पाणी कमी करा, दिल्यानंतर बांध बंद ठेवा.
- डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत कोकणात आणि विदर्भात परिचित आहे. १५-२५ सेंमी अंतरावर नियंत्रित लावणी करून चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक युरिया-डीएपी ब्रिकेट ७ ते १० सेंमी खोल खोचतात. हेक्टरी सुमारे १७० किलो ब्रिकेट लागतात. नत्र चिखलात खोल राहते, त्यामुळे उडणे आणि वाहून जाणे कमी होते. जनुकाला जे जमत नाही ते इथे हाताने होते.
- पर्णरंग तक्ता वापरा. १० चुडांची वरची, पूर्ण उघडलेली पाने स्वतःच्या सावलीत धरून पाहा. ६ किंवा जास्त पाने शिफारशीतील रंगापेक्षा फिकट असतील, तरच पुढचा हप्ता द्या.
- कमलाचे बियाणे म्हणून सुटे किंवा बिनलेबल बियाणे घेऊ नका. पैदासकार बियाण्याला पिवळे, पायाभूत बियाण्याला पांढरे आणि प्रमाणित बियाण्याला निळे लेबल असते.

दावा स्वतः तपासा: चार पट्ट्यांची चाचणी

नव्या वाणाचे खात्रीचे बियाणे मिळाल्यावर सगळे शेत एकदम बदलू नका. सारख्या जमिनीचे चार पट्टे करा. मध्ये बांध घाला, म्हणजे एकाचे नत्र दुसऱ्यात जाणार नाही.

१. जुना वाण, शिफारशीचे पूर्ण नत्र
२. जुना वाण, पाऊण नत्र
३. नवा वाण, पूर्ण नत्र
४. नवा वाण, पाऊण नत्र

स्फुरद आणि पालाश सर्वांना सारखे द्या. प्रत्येक वाण त्याच्या पक्वतेला कापा. पट्ट्याच्या मधली ५ बाय २ मीटर जागा कापून, झोडून आणि सारखे वाळवून वजन घ्या. तिथे मिळालेला १ किलो म्हणजे एकरी साधारण ४ क्विंटल.

निकाल असा वाचा:

- नवा वाण दोन्ही मात्रांत सारखा, जुना मात्र पाऊण मात्रेत घसरला: नवा वाण नत्र चांगले वापरतो.
- दोन्ही वाण पाऊण मात्रेत घसरले: खतात बचत नाही. नवा वाण जास्त पिकला असेल, तर तो उत्पादनाचा वाण आहे आणि त्याला खायला द्यावेच लागेल.
- दोन्ही वाण अजिबात घसरले नाहीत: आजवर गरजेपेक्षा जास्त युरिया पडत होता. ही बचत जुन्या वाणातही आजच करता येईल.

एका हंगामाच्या पावसावर निर्णय घेऊ नका. किमान दोन खरीप पाहा. विस्तार कार्यकर्त्यांनी एका गावात चार-पाच शेतकऱ्यांकडे ही चाचणी घेतली, तर गावाच्या जमिनीचा स्वतःचा आकडा हाती येईल. पुढच्या वेळी ‘कमी खतात जास्त उत्पादन’ अशी जाहिरात आली, की विक्रेत्याला एवढेच विचारा: कमी नत्राच्या पट्ट्यात हा वाण किती पिकला आणि त्याच्या शेजारी जुना वाण किती पिकला? हे दोन आकडे मिळेपर्यंत मात्रा माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणेच ठेवा.