बँकॉकला फसलात? मग सांगा की!

खत-सिमेंटच्या डीलर टूरवर आपल्याकडची माणसं आता सर्रास थायलंडला जातात. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसबाहेर एखादा सभ्य दिसणारा माणूस भेटतो. म्हणतो, 'आज बंद आहे.' मग स्वस्तात टुकटुक, एखादं बुद्धमंदिर आणि शेवटी रत्नांचं दुकान! घेतलेला खडा गावच्या सराफाला दाखवला की डोळे उघडतात.

अहो, पॅलेस एरवी रोज सकाळी ८.३० ला उघडतो. तिकीट खिडकीपर्यंत स्वतः जाऊन बघा. टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, आधीच फोनमध्ये टाकून ठेवा.

पण फसलेला माणूस परत येऊन फक्त फोटो टाकतो. लोक हसतील म्हणून खड्याबद्दल चकार शब्द काढत नाही. हसू द्या की! पुढच्या बॅचचे पैसे तरी वाचतील.