चालतंय ना, मग कशाला हात लावता?

मंडळी, वरचे वाक्य हे आपल्याकडचे ब्रह्मवाक्य आहे. विहिरीवरच्या मोटारीपासून शाळेच्या छपरापर्यंत सगळीकडे मी ते ऐकले. आता जालावर स्वतःची संस्थळे चालवणाऱ्या मित्रांकडून ऐकतो आहे. या वाक्याचा मला राग आहे. आणि "काका, एक बटण दाबायचं, झालं अपग्रेड" असे म्हणणाऱ्या दुसऱ्या टोकाचा त्याहून जास्त राग आहे. आज दोघांचाही समाचार घेतो.

ज्या नातेवाइकांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. भाड्याच्या सर्वरवर वर्डप्रेस किंवा ड्रुपल बसवून आपले संस्थळ चालवणारे आपल्यात बरेच आहेत. मायबोली, मनोगत, मिसळपाव ही आपली नावाजलेली घरेही ड्रुपलवरच वाढली. यात दोन भाग असतात. एक पाने दाखवणारा प्रोग्रॅम, आणि दुसरा मजकूर साठवणारा डेटाबेस. आपल्यातले भाषाशुद्धीवाले त्याला विदागार म्हणतात. शाळेच्या भाषेत सांगायचे तर प्रोग्रॅम म्हणजे इमारत आणि डेटाबेस म्हणजे जनरल रजिस्टर. इमारत पुन्हा बांधता येते. रजिस्टर गेले तर पोरांच्या जन्मतारखा कुठून आणणार?

आता पहिले टोक, हात न लावणारे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधली एक मोठी फट जाहीर झाली. दुरुस्तीही त्याच दिवशी दिली गेली. त्या फटीतून कोणताही परका माणूस थेट डेटाबेसला हुकूम सोडू शकत होता. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने सांगितले की, पहिल्या सात तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपले संस्थळ फोडले गेले असेच धरून चालावे. सात तास! आपल्याकडे सात वर्षे कोणी हात लावत नाही. त्याच ड्रुपल ७ ची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ ला संपली. तरी "चालतंय" म्हणणारे आहेतच. वाळवी लागलेले दारही उभे असतेच की. धक्का बसेपर्यंत.

दुसरे टोक बटणवाल्यांचे. त्यांना मी आमच्या ढोकीच्या स्टेशनावर नेऊ इच्छितो. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज गाडी पिढ्यान् पिढ्या इथून लातूरला जायची. २००८ साली लातूर–कुर्डुवाडी मार्ग पूर्ण ब्रॉडगेज झाला. रूळ रुंद केले आणि जुने डबे त्यावर ढकलले, असे झाले का? डबे बदलले, पूल बदलले, मार्गही वळवून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव शहराजवळून नेला. ड्रुपल ७ वरून २०१५ साली आलेल्या ८ वर जाणे हे असेच गेज बदलणे होते. आतला सांगाडाच नवा, त्यामुळे मजकूर उचलून नव्या घरात मांडावा लागतो.

आणि परतीचे तिकीट? मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर गेलेला डेटाबेस तसाच मागे आणता येत नाही. जाण्याआधी काढलेला बॅकअप भरणे हा एकच रस्ता उरतो. "बॅकअप आहे की!" असे लगेच उत्तर येते. तो भरून पाहिला आहे का? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत एका माणसाने चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपचे प्रकार एक सोडून अनेक होते. पण रोजचा बॅकअप निघतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप काढणारे साधन ९.२ चे! तशी सूचना देणारी पत्रेही कोणापर्यंत पोचत नव्हती. सहा तासांपूर्वी चाचणीसाठी सहज काढलेली एक प्रत सापडली म्हणून निभावले. वहीत उत्तर आहे असे सांगणाऱ्या पोराला आम्ही वही उघडायला लावायचो. इथेही तेच करायचे.

आता मराठीचा मुद्दा. परदेशी पुस्तिकांत तो सापडत नाही. मायएसक्यूएलने २००४ च्या सुमारास ४.१ आवृत्तीपासून प्रत्येक मजकुराची लिपी विचारायला सुरुवात केली. न सांगितल्यास तो लॅटिन समजायचा. आपला देवनागरी मजकूर त्या लॅटिन चिठ्ठीच्या डब्यात वर्षानुवर्षे बिनबोभाट राहिला. डबा हलवला की घोळ उघड होतो. अक्षरांच्या जागी विचित्र रोमन चिन्हे दिसली तर घाबरू नका, आतला माल बहुधा शाबूत असतो, वाचण्याची पद्धत चुकलेली असते. पण साठवणीतच प्रश्नचिन्हे पडली असतील तर अक्षर गेले. ते कोणीही परत आणू शकत नाही.

एका माजी विद्यार्थ्यांच्या संस्थळावर ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या आठवणी लोकांनी लिहिल्या होत्या. सांभाळणाऱ्यांनी एका रात्री डेटाबेस हलवला. सकाळी पानभर प्रश्नचिन्हे. भरून पाहिलेला बॅकअप नव्हता. लिहिणाऱ्यांपैकी काही जण आज हयात नाहीत. त्यांच्याकडून पुन्हा कसे लिहून घेणार? त्यांचे नाव "तांत्रिक अडचण" या दोन शब्दांखाली पुरले गेले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. अपग्रेड करायचेच, पण आधी बॅकअप वेगळ्या ठिकाणी भरून, तो तिथे चालतो हे डोळ्यांनी पाहून. डेटाबेसबरोबर चित्रे आणि फायलीही घ्यायच्या. सराव त्या प्रतीवर करायचा. प्रोग्रॅम आणि डेटाबेस एकाच संध्याकाळी बदलायचे नाहीत, नाहीतर बिघडले कशाने ते कळत नाही. खरे काम करताना लेखन बंद ठेवायचे. शेवटी लेख आणि प्रतिसाद मोजायचे, आधी किती, नंतर किती. आणि जुना लेख उघडून "दुसऱ्या" हा शब्द बघायचा. तिथे "दुसर्या" दिसले तर जोडाक्षरातले अदृश्य चिन्ह वाटेत गळले आहे.

यावर काही जण म्हणतील, आम्ही हे फुकट, हौसेने करतो, इतका वेळ कुठून आणू? हौसेबद्दल आदर आहे. पण दुसऱ्याचे लेखन आपल्या घरात ठेवून घेतले की ती हौस राहत नाही, ठेव होते. जमत नसेल तर तसे जाहीर करा, महिनाभराची मुदत द्या आणि ज्याचे त्याला लेखन उतरवून घेऊ द्या. त्यात कमीपणा नाही. गप्प बसून "चालतंय" म्हणण्यात आहे.

पटले नाही तर प्रतिसादांत जरूर खोडून काढा. मात्र त्याआधी तुमचा शेवटचा बॅकअप कधी भरून पाहिला, ती तारीख लिहा.